बेसबॉल कार्डांचा सेट कसा पूर्ण करावा: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

अमेरिकेतल्या मराठी घरात बेसबॉल कार्डं बहुधा मुलांच्या मागोमाग शिरतात. मुलगा किंवा मुलगी लिटल लीगमध्ये खेळायला लागते, संघातलं कुणीतरी आपली कार्डं दाखवतं, आणि पुढच्या खेपेला दूध-अंडी आणायला टार्गेटमध्ये गेलं की कॅश काउंटरजवळच्या रॅककडे सगळ्यांचीच पावलं वळतात. त्यात वाईट काही नाही. पॅक फोडण्याची मजा मी आजही घेते. पण नुसते पॅकच फोडत राहिलं तर वर्षभरात बुटांच्या खोक्यांत शेकडो कार्डं साठतात आणि त्यातून काहीच पूर्ण झालेलं नसतं. मोठ्यांचंही हेच होतं.

सेट जमवणं म्हणजे एका वर्षाच्या एका मालिकेतलं पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक कार्ड मिळवणं. या छंदातला हा सगळ्यात जुना प्रकार आणि माझ्या मते सगळ्यात समाधानाचा. मोठ्या खेळाडूंसोबत राखीव कॅचर, एका मोसमापुरता चमकलेला पिचर, त्या वर्षीचे मॅनेजर असे सगळे बाइंडरमध्ये येऊन बसतात. शिवाय खर्चाला आपोआप लगाम बसतो, कारण आपल्याला काय हवंय ते कागदावर लिहिलेलं असतं. मी न्यू जर्सीत राहून सेट जमवते. नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

१. आधी पाच-सहा शब्द पक्के करा

बेस म्हणजे सेटमधलं साधं, क्रमांक असलेलं कार्ड. आपला सेट याच कार्डांचा. इन्सर्ट म्हणजे त्याच पॅकमध्ये येणारी वेगळ्या डिझाइनची, वेगळ्या क्रमांकांची उपमालिका. पॅरलल म्हणजे त्याच बेस कार्डाची रंग किंवा चमक बदललेली आवृत्ती. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या मुख्य मालिकेत सोनेरी पॅरललवर बहुधा त्या वर्षाच्या आकड्याइतक्या प्रती असल्याचा शिक्का असतो, म्हणजे २०२३ च्या कार्डावर २०२३ पैकी अमुक क्रमांकाचं. शॉर्ट प्रिंट म्हणजे मुद्दाम कमी छापलेलं कार्ड. रूकी म्हणजे खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातलं कार्ड. २००६ पासून त्यावर आरसी असं चिन्ह छापतात. स्वाक्षरीचं किंवा जर्सीचा तुकडा लावलेलं कार्ड निघालं की त्याला हिट म्हणतात.

डब्यांचेही प्रकार आहेत. हॉबी बॉक्स कार्डांच्या दुकानात मिळतो आणि महाग असतो. ब्लास्टर, हँगर हे प्रकार टार्गेट-वॉलमार्टमधले. बेस कार्ड मात्र सगळ्यांत तेच असतं. नुसत्या सेटसाठी हॉबी बॉक्सचे जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नसते, हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

२. एकच सेट निवडा

एका वेळी एक. दोन-तीन सेट एकदम धरले की एकही हलत नाही. नवख्यांसाठी मी तीन पर्याय सुचवते.

पहिला, चालू वर्षाची टॉप्स मालिका. टॉप्सची मुख्य मालिका वर्षातून दोन भागांत येते: पहिला भाग साधारण फेब्रुवारीत, दुसरा जूनच्या सुमारास. त्यानंतर शरद ऋतूत अपडेट नावाची पुरवणी. २०२४ पासून पहिल्या भागात ३५० कार्डं असतात. त्याआधी काही वर्षं ३३० होती. मुलांसोबत जमवायचं असेल तर हाच घ्या, कारण टीव्हीवर दिसणारे खेळाडूच हातात येतात.

दुसरा, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला एखादा सेट. माझी पहिली पसंती १९८७ च्या टॉप्सला. लाकडी फळीसारखी दिसणारी किनार आणि ७९२ कार्डं. बॅरी बाँड्स ३२० वर, मार्क मॅग्वायर ३६६ वर, बो जॅक्सन १७० वर, बॅरी लार्किन ६४८ वर. त्या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की त्याला जंक वॅक्सचा (मेणकागदी पॅकमधल्या कचऱ्याचा) काळ असं नावच पडलं. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस यांनी टॉप्सची मक्तेदारी मोडली, १९८९ मध्ये अपर डेक आलं, आणि सगळ्यांनी छापखाने रात्रंदिवस चालवले. गुंतवणूक म्हणून ज्यांनी गठ्ठे साठवले त्यांचं नुकसान झालं, पण सेट जमवणाऱ्यांना त्याचा आजही फायदा होतो: अख्खा सेट एखाद्या नव्या ब्लास्टरच्या किमतीच्या आसपास मिळून जातो.

तिसरा, सत्तरच्या दशकातला सेट, पण तो एखादा सोपा सेट पूर्ण केल्यावरच. १९७३ पर्यंत टॉप्सची कार्डं मोसमभर थोडी थोडी, मालिकांमध्ये बाजारात येत. शेवटच्या मालिका येईपर्यंत मुलांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असे, दुकानदार कमी माल मागवत, म्हणून मोठ्या क्रमांकांची कार्डं आज दुर्मिळ आणि महाग आहेत. याचं टोकाचं उदाहरण १९५२ च्या टॉप्सचं. ४०७ कार्डांपैकी ३११ पासून पुढची शेवटची मालिका विकलीच गेली नाही. टॉप्सचे साय बर्जर यांनी १९६० मध्ये उरलेल्या पेट्या बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात टाकून दिल्या. त्या मालिकेतलं पहिलंच कार्ड, ३११ क्रमांकाचं, यांकीजचे खेळाडू मिकी मँटल यांचं, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हा जुना सेट निवडताना आधी शेवटच्या शंभर क्रमांकांचे भाव बघा, मग ठरवा.

सेटचा आकार बघून एक गोष्ट लक्षात येते. टॉप्स एका शीटवर १३२ कार्डं छापायचं. म्हणून १९७३ ते १९७७ चे सेट ६६० चे, म्हणजे पाच शीटचे. १९८२ ते १९९२ चे ७९२ चे, म्हणजे सहा शीटचे. मधल्या १९७८ ते १९८१ च्या सेटमध्ये ७२६ कार्डं, कारण सहा शीटमधली ६६ कार्डं दोनदा छापली जात. अशी दुहेरी छापलेली कार्डं नेहमीच सहज मिळतात, त्यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

सापळा: हेरिटेज किंवा ॲलन अँड गिंटर यांसारख्या मालिका दिसायला फार देखण्या असतात, पण त्यांत शेवटचे क्रमांक शॉर्ट प्रिंट असतात. हेरिटेजच्या अलीकडच्या सेटमध्ये ४०१ ते ५०० ही शंभर कार्डं तशी आहेत. सेटचा खरा खर्च त्या शंभरांतच असतो. पहिल्याच सेटला हे नको. तसंच पनिनी या कंपनीच्या बेसबॉल कार्डांवर संघांचे लोगो नसतात, कारण मेजर लीगचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. मुलाला यांकीजचं चिन्ह टोपीवर दिसायला हवं असेल तर घेण्याआधी बघून घ्या.

३. चेकलिस्ट काढा आणि सेटची सीमा लिहून ठेवा

ट्रेडिंग कार्ड डेटाबेस या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक सेटची यादी फुकट मिळते. खातं उघडलं की आपल्याकडची कार्डं टिकमार्क करता येतात आणि हवी असलेली यादी आपोआप तयार होते. तरी मी कागदावरही छापून घेते: बाइंडरच्या पहिल्या खिशात घडी करून ठेवायची, कार्ड आलं की पेनाने क्रमांक खोडायचा. प्रदर्शनात फोनला रेंज नसते तेव्हा तोच कागद कामी येतो.

यादीच्या वरच्या बाजूला एका ओळीत लिहा: माझा सेट म्हणजे काय. उदाहरणार्थ, ‘फक्त बेस, १ ते ३५०, इन्सर्ट नाहीत, पॅरलल नाहीत.’ ही ओळ लिहायला मिनिटही लागत नाही, पण पैसे वाचतात ते हिच्यामुळे. ती नसली की प्रत्येक चमकदार कार्ड सेटमधलंच वाटायला लागतं.

यादीत काही क्रमांक मुळातच नसतात, ते शोधत बसू नका. १९५३ च्या टॉप्समध्ये क्रमांक २८० पर्यंत जातात, पण कार्डं २७४ आहेत. १९५५ मध्ये क्रमांक २१० पर्यंत, कार्डं २०६. मँटल १९९५ मध्ये वारले, त्यानंतर टॉप्सने आपल्या मुख्य मालिकेत ७ हा त्यांच्या जर्सीचा क्रमांक त्यांच्या सन्मानार्थ काही वर्षं दुसऱ्या कुणालाच दिला नाही. २००६ मध्ये तो परत आला तो मँटल यांच्याच कार्डासह. आणि १९३३ च्या गाउडी सेटची गोष्ट तर प्रत्येक नवशिक्याला ठाऊक असावी. त्या च्युइंगमच्या कंपनीने १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नव्हतं. पोरं ते शोधत पॅकवर पॅक घेत राहिली. तक्रारीची पत्रं आल्यावर १९३४ मध्ये नॅप लाजवे या खेळाडूचं कार्ड त्या क्रमांकाने छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवलं. सेट पूर्ण करायची आपली ओढ विकणाऱ्याला कायम ठाऊक असते, तेव्हाही आणि आताही.

४. पॅक कुठवर फोडायचे याचं गणित

या पायरीवर थोडा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

समजा सेट ३५० कार्डांचा आहे आणि प्रत्येक कार्ड येण्याची शक्यता सारखी आहे. तुम्ही ३५० कार्डं फोडलीत तर त्यांत वेगवेगळी साधारण २२१ निघतील, बाकीची डुप्लिकेट. पूर्ण सेट केवळ पॅकमधून करायचा तर सरासरी सव्वादोन हजार कार्डं फोडावी लागतात. त्यातली हजाराहून जास्त फक्त शेवटच्या दहा क्रमांकांसाठी. आणि एकट्या शेवटच्या कार्डासाठी सरासरी ३५० कार्डं.

प्रत्यक्षात एका बॉक्समध्ये डुप्लिकेट सहसा कमी येतात, त्यामुळे पहिला बॉक्स या गणितापेक्षा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या बॉक्सपासून मात्र गणित आपलं रूप दाखवायला लागतं. जुन्या बॉक्सचंही तसंच. १९८७ च्या टॉप्सच्या बॉक्समध्ये ३६ पॅक, प्रत्येकात १७ कार्डं, म्हणजे ६१२. एकही डुप्लिकेट आलं नाही तरी ७९२ चा सेट एका बॉक्समध्ये होऊच शकत नाही. बॉक्सच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

म्हणून माझा नियम: एक बॉक्स फोडा, मनापासून मजा घ्या, आणि यादी अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की पॅक बंद. पुढचं सगळं सुट्या कार्डांतून. एका ब्लास्टरला पंचवीस डॉलर धरा. साधं बेस कार्ड वीस सेंटला मिळतं असं धरलं तर त्याच पैशांत आपल्या यादीतली नेमकी १२५ कार्डं येतात. हा हिशेब फोनच्या नोंदींत लिहून ठेवा आणि रॅकसमोर उभं असताना उघडून बघा.

फक्त सेट हवा असेल, जमवण्याची हौस नसेल, तर टॉप्स दरवर्षी दोन्ही भाग मिळून पूर्ण फॅक्टरी सेट सीलबंद डब्यात विकतं. पुष्कळ बॉक्स फोडणारे व्यापारीही हाताने लावलेले बेस सेट विकतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मुलांच्या वाढदिवसाला त्यांच्या जन्मवर्षाचा फॅक्टरी सेट ही मला माहीत असलेली सगळ्यात छान भेट आहे.

५. न ठरवता होणारी खरेदी ओळखा आणि तिला वेगळा खिसा द्या

मोह वाईट आहे म्हणून तो दाबून टाका, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर चार महिन्यांनी तो दुपटीने उसळतो. पण तो कुठून येतो ते ओळखता यायला हवं.

दुकानातला रॅक सगळ्यांत साधा. तो मुद्दाम कॅश काउंटरजवळ असतो. टंचाईच्या काळात याच रॅकवरून काय होतं तेही लोकांनी पाहिलंय: मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डच्या टार्गेटबाहेर कार्डांवरून हाणामारी झाली आणि कंपनीने काही काळ दुकानांत कार्डं विकणंच थांबवलं. शेवटचा ब्लास्टर उरला आहे हे तो घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

टॉप्स नाऊ हा प्रकार २०१६ पासून आहे. काल रात्री कुणी नो-हिटर टाकला (समोरच्या संघाला एकही यशस्वी फटका मारू न देता सामना संपवला) की आज त्याचं कार्ड संकेतस्थळावर, थोड्याच वेळासाठी. जेवढी मागणी तेवढ्या प्रती. आपण स्वतः स्टेडियममध्ये पाहिलेल्या सामन्याचं कार्ड घ्या, जरूर घ्या. पण उलट्या मोजणीचं घड्याळ बघून घेतलेली कार्डं नंतर क्वचितच कुणी उघडून बघतं.

लाइव्ह ब्रेकपासून नवशिक्यांनी लांबच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. यात कॅमेऱ्यासमोर कुणीतरी बॉक्स फोडतं आणि आपण त्यातला एखादा संघ विकत घेतलेला असतो; त्या संघाची कार्डं आपली. बऱ्याच ब्रेकमध्ये बेस कार्डं पाठवतही नाहीत, फक्त हिट पाठवतात. म्हणजे सेट जमवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. वर गप्पा, आरडाओरडा, काही सेकंदांत ठरवायची बोली. रिपॅक, म्हणजे कुणीतरी पुन्हा भरलेले ‘मिस्टरी’ डबे, यांचंही तेच: बाहेर चित्र मोठ्या कार्डाचं, आत बहुधा न विकला गेलेला माल.

पॅकवर बारीक अक्षरांत शक्यता छापलेल्या असतात, त्या वाचायला शिका. १:२४ याचा अर्थ सगळा माल धरून सरासरी २४ पॅकांमागे एक. तुमच्या २४ पॅकांत एक असणारच, असा तो शब्द नव्हे.

आवर घालायला मला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

- महिन्याचे पैसे दोन भागांत. मोठा भाग यादीतल्या सुट्या कार्डांसाठी, छोटा भाग मनाला येईल ते घ्यायला. छोटा भाग रोख ठेवा. संपला की संपला.
- घेण्याआधी एकच प्रश्न: यातून माझ्या यादीतले किती क्रमांक खोडले जातील?
- ऑनलाइन काहीही आवडलं तरी दोन दिवस वॉचलिस्टमध्ये. लिलावात आपली कमाल रक्कम आधी टाकायची आणि स्क्रीन बंद करायची.
- ॲपमधल्या सूचना बंद, क्रेडिट कार्डाचा नंबर साठवलेला नको.
- मुलांशी आधीच करार: सामन्याला गेलो की एक पॅक, दुकानात गेलो की नाही. मुलं हा करार मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.

घरात न सांगता खरेदी व्हायला लागली, बिल पुढच्या महिन्यावर ढकललं जायला लागलं, किंवा ब्रेकमध्ये गेलेले पैसे ‘भरून काढायला’ पुढचा ब्रेक घेतला जायला लागला, तर थांबा आणि घरातल्या माणसाशी बोला. न्यू जर्सीत १-८००-गॅम्बलर या जुगाराच्या सवयीसाठीच्या हेल्पलाइनवर फुकट आणि नाव न सांगता बोलता येतं. आपल्याकडे अशा गोष्टी झाकून ठेवायची सवय असते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

६. सुटी कार्डं कुठून घ्यायची

स्पोर्टलॉट्स या संकेतस्थळावर साधी कार्डं सगळ्यांत स्वस्त, पण टपालखर्च प्रत्येक विक्रेत्याचा वेगळा. म्हणून एकाच विक्रेत्याकडून चाळीस-पन्नास कार्डं मिळतायत का ते बघा. कॉमसी या दुसऱ्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या लोकांची कार्डं घेऊन आपल्या खात्यात साठवत राहायची आणि एकदमच मागवायची. सेट जमवणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम. ईबेवर भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंची चाळणी लावा. मागणारा काहीही मागतो.

गावातलं कार्डांचं दुकान आणि शनिवार-रविवारची छोटी प्रदर्शनं यांना मात्र पर्याय नाही. टेबलाखाली डाइम बॉक्स, डॉलर बॉक्स म्हणून लांबलचक खोकी असतात. यादी घेऊन बसा, निवडलेली कार्डं बाजूला काढा, आणि शेवटी सगळ्यांची मिळून किंमत विचारा. एकेका कार्डासाठी घासाघीस करणं इथे रुचत नाही. गठ्ठ्यावर सवलत मागणं सर्रास चालतं. उन्हाळ्यात भरणारं नॅशनल हे सगळ्यांत मोठं प्रदर्शन. पहिलं १९८० मध्ये लॉस एंजेलिसला झालं, अलीकडे ते शिकागोजवळच्या रोझमाँटला पुष्कळदा भरतं. पहिल्या वर्षी तिथे जाऊ नका. एवढा माल एकदम समोर आला की यादी विसरायला होते.

महागाचं कार्ड आधी की शेवटी? नव्या सेटमध्ये गाजणाऱ्या रूकीसाठी थांबा, पहिल्या आठवड्यांतला भाव बहुधा उतरतो. जुन्या सेटमध्ये उलट: मोठी दोन-तीन कार्डं आधी घ्या. ती मिळाली की उरलेला सेट अर्धवट सुटत नाही.

७. साहित्य

- नऊ खिशांची प्लास्टिकची पानं, पीव्हीसी नसलेली. ३५० कार्डांना एकेरी लावली तर ३९ पानं, पाठीला पाठ लावली तर २०.
- डी-आकाराच्या कड्यांचा बाइंडर. गोल कड्यांचा नको. कड्यापाशी पानं वाकतात आणि डावीकडच्या कार्डांवर वळ उठतो.
- पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकचं पाकीट) आणि टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं), फक्त महागाच्या कार्डांसाठी.
- डुप्लिकेटसाठी आठशे कार्डांचं पुठ्ठ्याचं खोकं.
- निळी पेंटर्स टेप. साधी चिकटपट्टी कार्डाजवळही आणू नका.
- चांगला दिवा.

पानं आणि कार्डं एका आकाराची हवीत. १९५७ पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच आहे. त्याआधीची मोठी कार्डं नऊ खिशांच्या पानात कोंबली तर कोपरे जातात. त्यांना आठ खिशांची पानं मिळतात.

भारतात परत जाणाऱ्यांसाठी: मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चमकदार फॉइलची कार्डं वाकतात. बाइंडर उभा ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि विमानात तो हातातल्या सामानात न्या.

८. लावणं आणि तपासणं

जेवणाचं टेबल रिकामं करा. आधी शेकड्यांचे गठ्ठे, मग एकेका शेकड्याचे दहा गठ्ठे, मग प्रत्येक दहा क्रमाने. सरळ १, २, ३ शोधत बसलात तर संध्याकाळ जाईल. या पद्धतीने लहान मुलांनाही जमतं आणि त्यांना हे काम मनापासून आवडतं. हात कोरडे हवेत. कार्ड कडेने धरायचं, मागचा क्रमांक वाचायचा, खाली ठेवायचं. एखादा खेळाडू ओळखीचा निघाला की गठ्ठा तसाच राहतो आणि मागची आकडेवारी वाचणं सुरू होतं. वाचू द्या.

बाइंडरमध्ये घालण्याआधी नव्या टॉप्स कार्डांची मागची बाजू दिव्याखाली धरा. अगदी तळाशी बारीक अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटी एक कोड. साध्या बेस कार्डांवर त्या कोडचे शेवटचे आकडे सारखेच असतात. क्रमांक तोच, खेळाडू तोच, पण फोटो वेगळा आणि आकडे वेगळे असतील तर ते दुर्मिळ फोटोबदलाचं कार्ड आहे. डोळ्यांना नीट दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. अशी कार्डं साधी समजून अदलाबदलीत देऊन टाकली जातात.

नव्वदच्या दशकातले चकचकीत कार्डांचे पॅक फोडताना सावकाश. वर्षानुवर्षं दाबून राहिल्याने कार्डं एकमेकांना चिकटून वीट झालेली असते. ओढून काढली तर छपाई निघते. गठ्ठा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, कडेपासून सुटू द्या. सुटत नसेल तर सोडून द्या.

९. जुन्या कार्डांचे सापळे

१९५२ च्या टॉप्सचं पुनर्मुद्रण टॉप्सनेच १९८३ मध्ये काढलं. ते आजच्या मापाचं, अडीच बाय साडेतीन इंच आहे. मूळ कार्ड मोठं, दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार इंच. पट्टी सोबत ठेवा. दुसरा सापळा कापलेल्या कडांचा: झिजलेले कोपरे लपवायला कुणी कड कापतं. संशयित कार्ड त्याच सेटच्या साध्या, स्वस्त कार्डावर ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

कार्डांची अवस्था एकसारखी ठेवा. बाकी सेट मध्यम अवस्थेतला असेल तर एकच कार्ड लखलखीत घेऊन उपयोग नाही. मध्यम अवस्थेतल्या, कोपरे किंचित गोलावलेल्या जुन्या कार्डांचा सेट मला फार आवडतो. किंमत बरीच कमी आणि कुणातरी पोराने ती खरोखर हाताळलेली असतात.

१०. डुप्लिकेट आणि अदलाबदल

दोघांच्या याद्या जुळल्या की अदलाबदल सगळ्यांत स्वस्त. ट्रेडिंग कार्ड डेटाबेसवर अशी माणसं सापडतात. पहिली एक-दोन देवाणघेवाण छोटी ठेवा, आणि समोरच्याचे आधीचे अभिप्राय वाचा. पाठवताना कार्डं स्लीव्हमध्ये, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, टेपचं एक टोक दुमडून ठेवायचं म्हणजे उघडणाऱ्याला नखं लावावी लागत नाहीत. टॉपलोडर घातलेलं ताठ पाकीट टपाल खात्याच्या यंत्रातून जात नाही, त्याला जास्तीचं तिकीट लागतं. नाहीतर ते परत येतं. ईबेवर वीस डॉलरपर्यंतच्या कार्डांसाठी ट्रॅकिंगसह स्वस्त लिफाफ्याची सोय आहे.

उरलेली डुप्लिकेट विकून फारसं काही मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. संघाप्रमाणे छोटे गठ्ठे बांधून मुलांच्या लिटल लीगच्या संघात वाटा, वाचनालयाला विचारा, हॅलोवीनला चॉकलेटसोबत द्या. जुने, न फोडलेले वॅक्स पॅक देणार असाल तर आधी उघडून आतलं च्युइंगम काढून टाका. टॉप्सने ते १९९१ नंतर बंद केलं, म्हणजे पॅकमधली ती गुलाबी पट्टी मुलाच्या वडिलांच्या वयाची असू शकते. ती तोंडात जाऊ देऊ नका, आणि तिला चिकटलेलं कार्ड डागाळलेलं असणार, ते वेगळं काढा.